देव्हाऱ्यातली छापील पोथी

दिवाळीची झाडलोट निघाली की पहूरच्या आमच्या घरात तांबड्या फडक्यात बांधलेले एक बासन खाली उतरे. त्यात दोन पोथ्या होत्या. एक पणजोबांनी बोरूने लिहिलेली. दुसरी श्रीधरांच्या ‘हरिविजया’ची, मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यातली. दोन्ही लांबट, दोन्हींची पाने सुटी. हातची पोथी सुटी असणार हे ठीक. पण छापलेली तरी शिवलेली का नसावी, असे मी आजीला विचारी. ती म्हणे, “शिवली असती तर मामंजींनी उंबऱ्याच्या आत घेतली असती होय?”

आजीच्या त्या उत्तरात आपल्या ग्रंथप्रकाशनाचा निम्मा इतिहास आहे, हे मला फार उशिरा कळले.

1805 साली मिरजेस तांब्याच्या पत्र्यावर अक्षरे कोरून भगवद्गीता छापली गेली. पण छापील धर्मग्रंथाला सोवळ्यात शिवावे कसे, ही धास्ती पुढेही कितीतरी वर्षे टिकली. कारण शाईचे होते. शिळाछापात दगड पाण्याने ओला ठेवतात. ओल्या जागी शाई धरत नाही, स्निग्ध अक्षरांवर तेवढी बसते. म्हणून शाईत स्निग्ध पदार्थ हवाच, आणि तो चरबीचा असे. मुंबईच्या गणपत कृष्णाजींनी अमेरिकन मिशनचा छापखाना पाहून स्वतःचे यंत्र उभारले, चरबीऐवजी तूप घालून शाई केली आणि 1831 साली मराठी पंचांग छापले. लोकांच्या शंकेला त्यांनी हसून उडवले नाही, तिला वाट करून दिली.

शिळेनंतर खिळ्यांचा काळ आला. जावजी दादाजी चौधरी (1839–1892) यांचे शिक्षण बेताचेच. लहान वयात त्यांनी मिशनच्या छापखान्यात खिळे घासायचे काम धरले. देवनागरीला काना, मात्रा, रफार, जोडाक्षरे. एकेकाचा खिळा वेगळा पाडावा लागे. ती विद्या त्यांनी हाताने कमावली. 1864 साली त्यांनी खिळे ओतण्याचा कारखाना काढला आणि 1869 साली निर्णयसागर छापखाना. 1886 पासून निघालेल्या ‘काव्यमाले’ने संस्कृत काव्ये पंडितांपर्यंत नेली, आणि त्याच छापखान्यातल्या मराठी पोथ्या आमच्यासारख्यांच्या ओसरीवर आल्या.

आमची पोथी आजोबांनी मुंबईहून आणली. पाचोऱ्यापर्यंत मोठ्या गाडीने, पुढे पहूरपर्यंत जामनेरच्या छोट्या गाडीने. पणजोबांनी ती हातात घेतली, सुटी पाने पाहिली, आणि देव्हाऱ्याऐवजी फडताळात ठेवायला सांगितली. घरात आली, एवढीच सवलत!

पण चातुर्मासात आजी दुपारी ती काढून बसू लागली. माहेरी तिला अक्षरओळख झाली होती. ठसठशीत छापील अक्षर तिला लागे; पणजोबांची गिचमिड लागत नसे. शेजारच्या बाया निवडायचे सूप घेऊन ओसरीवर जमत. त्यांतल्या एकीलाही वाचता येत नव्हते. पुराणिकाच्या तोंडून वर्षातून एकदा कानी पडणारी कथा आता रोज, त्यांच्याच आळीतल्या सुनेच्या आवाजात ऐकू येई. गावातल्या एका वडीलधाऱ्यांनी “बायकांनी पोथी सांगायची काय?” म्हणून पणजोबांना टोकले. पणजोबा काही बोलले नाहीत. वाचन बंदही झाले नाही.

शेवटच्या दुखण्यात त्यांची नजर गेली. स्वतः लिहिलेली पोथी त्यांना दिसेना, दुसऱ्या कोणाला वाचता येईना. तेव्हा त्यांनी सुनेला हाक मारली आणि “ती तुझी आण” म्हणाले. पंधरा दिवस ती उशाशी बसून वाचत होती. सोळाव्या दिवशी त्यांनी स्वतःच सांगितले, “आता फडताळात नको. देवाजवळ ठेव.”

तूप, सुटी पाने, ठसठशीत खिळे. प्रकाशकांनी जुन्याचा एवढा मान राखला, म्हणूनच त्या आडून एवढे नवे घरात शिरले.

यंदाही बासन उतरले. फडके नवे घातले. पोथ्या मात्र दोन्ही एकत्रच बांधल्या.