पाच गोल मारणारा ‘अर्धा’ खेळाडू?

अमेरिकन फुटबॉलमध्ये एक गडी फक्त किक मारायला मैदानात येतो आणि किक झाली की परत बाकावर जाऊन बसतो. याला खरा खेळाडू म्हणायचं का, हा तिकडचा जुना वाद. आपल्या हॉकीतही तो झाला आणि त्यातला एक मोठा दिवस दिल्लीनं पाहिला.

२६ फेब्रुवारी २०१२. इंडिया गेटजवळचं मेजर ध्यानचंद स्टेडियम. ऑलिंपिक पात्रता स्पर्धेची अंतिम लढत, समोर फ्रान्स. चार वर्षांपूर्वी आपली बीजिंगची वारी हुकली होती; १९२८ पासून असं कधीच घडलं नव्हतं. त्या दिवशी भारत ८-१ नं जिंकला. पाच गोल एकट्या संदीपसिंगचे! २००६ साली रेल्वेत चुकून सुटलेली गोळी लागून अंथरुणाला खिळलेला हा माणूस उभा राहिला, २००९ मध्ये कप्तानही झाला. तरी कुजबुज होतीच: याला ड्रॅग-फ्लिक येते, पण बचावात कच्चा आहे.

ही फ्लिक जन्माला आली ती नियमामुळे. पेनल्टी कॉर्नरवर पहिलाच फटका जोरात हाणला, तर चेंडू गोलात जाताना १८ इंची फळीपेक्षा वर असून चालत नाही. फ्लिकला ही अट नाही. म्हणून खेळाडू जवळजवळ जमिनीला टेकतो, चेंडू स्टिकला चिकटवून ओढत नेतो आणि कमरेच्या पिळानं वर भिरकावतो. पाठीचा कस निघतो हो! याला अंगमेहनत नाही म्हणणाऱ्यानं एकदा करून पाहावं.

पण खरी मेख पुढेच आहे. कॉर्नर मिळाल्यावर तो संपेपर्यंत बदली खेळाडू आत आणता येत नाही. म्हणजे फ्लिकर आधीपासून मैदानात हवा, आणि मैदानात आहे तर समोरच्याचे हल्लेही त्यानंच अडवायचे. त्यामुळे टीकाकारांचा प्रश्न रास्त होता. उत्तर मात्र त्यांनी सोयीचं काढलं.

लंडनला भारत सगळे सामने हरला, बारा संघांत बारावा आला. मग संदीपसिंग संघाबाहेर. सहा पराभव काय एका फुलबॅकच्या माथी मारायचे?

पुढे हरमनप्रीतसिंग आला. तोही फुलबॅक, तोही फ्लिकर. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये त्यानं १० गोल केले, कांस्यपदक आणलं, आणि संघाचा कप्तानही तोच होता.