देवयानी दीर्घिकेतील तारकागुच्छ : वय व घटक

पावसाळा सरल्यावर जव्हार-मोखाड्याच्या अंधाऱ्या आकाशात नुसत्या डोळ्यांनी दिसणारी देवयानी दीर्घिका सुमारे २५ लाख प्रकाशवर्षे दूर आहे. तिच्या गुच्छांतले बहुतेक तारे जमिनीवरून सुटे दिसत नाहीत. म्हणून अख्ख्या गुच्छाचा एकत्रित वर्णपट घेतात. अडचण अशी, की वाढते वय आणि धातूंचे आधिक्य दोन्ही गुच्छाला तांबूस करतात. नुसत्या रंगावरून वय सांगणे फसवे. त्यामुळे मुख्यतः हायड्रोजनच्या रेषांवरून वय आणि मॅग्नेशियम-लोहाच्या रेषांवरून धातुता अजमावतात. (ज्योतिर्विदांच्या लेखी हीलियमपलीकडचे सारेच धातू, अगदी ऑक्सिजनसुद्धा!) तरुण गुच्छ अतिनील प्रकाशात उठून दिसतात. २०१५ मध्ये सोडलेल्या ॲस्ट्रोसॅट या भारतीय उपग्रहावरील अतिनील दुर्बिणीने ही दीर्घिका टिपली. त्या दुर्बिणीच्या उभारणीत पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेचा वाटा होता.