बाबासाहेब हरले, पण कोणत्या पद्धतीत?

राळेगावात तरुणांशी निवडणुकीवर बोलायला बसलो की एक प्रश्न हमखास येतो : घटनेचे शिल्पकार लोकसभेला पडले कसे? ‘आपल्याच लोकांनी साथ दिली नाही’ हे ठरलेलं उत्तर आम्हाला मान्य नाही. मतं कोणाकडे होती याच्याआधी मतं द्यायची कशी होती, ते पाहा.

१९३७ साली मुंबई प्रांतात बहुसदस्य मतदारसंघ होते. जितक्या जागा तितकी मतं, आणि ती सगळी एकाच उमेदवाराला देण्याची मुभा. संख्येने कमी असलेला समाज आपली मतं एकवटू शकत होता. बाबासाहेब निवडून आले. समोर काँग्रेसचे पी. बाळू होते, नावाजलेले क्रिकेटपटू आणि तेही अस्पृश्य समाजातलेच!

१९४६ ला संविधान सभेसाठी प्रांतांचे आमदार पसंतीक्रमाने मत देत होते. ठरावीक कोटा भरला की उमेदवार निवडून येई, बहुमताची गरज नव्हती. म्हणून जोगेंद्रनाथ मंडल आणि मोजक्या आमदारांच्या बळावर बाबासाहेब बंगालमधून निवडून गेले.

आता १९५२ पाहा. उत्तर मुंबईत दोन जागा, एक सर्वसाधारण आणि एक राखीव. प्रत्येक मतदाराला दोन मतं, पण दोन्ही एकाच उमेदवाराला देता येत नव्हती. म्हणजे १९३७ चं हत्यारच काढून घेतलेलं. राखीव जागेचा निकालही सगळा मतदारसंघ लावणार, आणि त्यात सवर्णांची संख्या मोठी. काँग्रेसचे नारायण काजरोळकर सुमारे १४ हजार मतांनी जिंकले. काँग्रेसची लाट होती, कम्युनिस्टांचा विरोध होता, हे आम्ही नाकारत नाही. पण १९५४ ची भंडारा पोटनिवडणूक बघा. पद्धत तीच. सर्वसाधारण जागेवर प्रजा समाजवादी पक्षाचे अशोक मेहता निवडून आले आणि राखीव जागेवर बाबासाहेब पडले. आपली दुसरी मतं मित्रपक्षाकडे गेली, त्यांची आपल्याकडे तेवढी फिरली नाहीत, असाच अर्थ आम्ही लावतो.

द्विसदस्य मतदारसंघ १९६१ च्या कायद्याने गेले. आमचा राळेगाव मतदारसंघ आज अनुसूचित जमातींसाठी राखीव आहे. उमेदवार आदिवासीच असतो, मत मात्र सगळेच देतात आणि ज्याला सर्वांत जास्त मतं तो आमदार, मग निम्म्याहून अधिक मतदार विरोधात का असेनात. गोंड, कोलाम पाड्यांचा कौल वेगळा असेल, तर तो निकालात कुठे दिसतो?

आणि १९५२ लाच, लोकसभेला पडल्यावर, बाबासाहेब राज्यसभेत गेले. तिथे आमदारांचं मतदान पुन्हा पसंतीक्रमाचं होतं.