अनुशेषाच्या वहीत विमानतळ का नव्हता?

जानेवारी 1949 च्या अखेरीस नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर एक नवा रात्रक्रम सुरू झाला. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास येथून निघालेली विमाने मध्यरात्रीनंतर येथे एकत्र येत. टपालाच्या थैल्यांची व प्रवाशांची अदलाबदल होई आणि विमाने आपापल्या शहराकडे परतत. मध्य प्रांताच्या या राजधानीला हा मान देशाच्या मध्यभागी असल्यामुळे मिळाला होता. ही सेवा 1973 पर्यंत चालली.

मधल्या काळात नागपूरचे राजधानीपद गेले. त्याची चाहूल 28 सप्टेंबर 1953 च्या नागपूर कराराला होती. यशवंतराव चव्हाण, भाऊसाहेब हिरे, गोपाळराव खेडकर आदींच्या सह्यांच्या या कराराने विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र या विभागांवरील खर्च लोकसंख्येच्या प्रमाणात करण्याचे मान्य केले. मराठवाड्याच्या मागासलेपणाकडे विशेष लक्ष द्यायचे होते. विधिमंडळाचे एक अधिवेशन नागपुरात भरवण्याचे ठरले, ते वचन आजही दिसते. खर्चाच्या वचनाचा हिशेब मात्र तीस वर्षे कोणी नीट मांडला नाही. वास्तविक 1956 च्या सातव्या घटनादुरुस्तीने कलम 371(2) मध्ये विकास मंडळांची आणि निधीच्या न्याय्य वाटपाची तरतूद केलेली होती.

हिशेब मांडला तो अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालील सत्यशोधन समितीने. 1983 मध्ये नेमलेल्या या समितीने पुढच्याच वर्षी अहवाल दिला. तिचा मापदंड सोपा होता: रस्ते, सिंचन, ग्रामीण विद्युतीकरण, शिक्षण, आरोग्य, पाणीपुरवठा अशा क्षेत्रांत जो जिल्हा राज्याच्या सरासरीच्या खाली, त्याला सरासरीपर्यंत आणण्याचा खर्च म्हणजे त्याचा ‘अनुशेष’. एकूण बेरीज सुमारे 3,187 कोटी रुपये झाली. त्यांत विदर्भाचा वाटा सुमारे 39 टक्के, मराठवाड्याचा 24 टक्क्यांच्या आसपास आणि उर्वरित महाराष्ट्राचा 37 टक्के. हा शेवटचा आकडा अनेकांना झोंबला. पण एकक विभाग नसून जिल्हा होते, त्यामुळे कोकणातील आणि पश्चिम महाराष्ट्राच्या अवर्षणग्रस्त पट्ट्यातील जिल्हेही यादीत येणे अटळ होते. विभागांचे भांडण जिल्ह्यांच्या मापाने मोजल्याची तक्रार विदर्भाकडून पुढे बराच काळ होत राहिली आणि ती अगदीच निराधार नव्हती.

या सगळ्या मोजणीत विमानतळ कुठेच नव्हता, आणि त्यात समितीचा दोष नव्हता. विमानतळ हा संविधानाच्या संघसूचीतला विषय. त्याचा खर्च राज्याच्या अंदाजपत्रकात मुख्यतः येतच नसे. अखेर 1994 मध्ये विकास मंडळे अस्तित्वात आली, 2001 मध्ये राज्यपाल पी. सी. अलेक्झांडर यांनी निधीवाटपाचे निर्देश दिले. तेही राज्याच्या पैशापुरतेच. पुढे राज्याने 2002 मध्ये महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनी स्थापून नागपुरात मिहान प्रकल्प हाती घेतला. केंद्राच्या उडान योजनेखाली 27 एप्रिल 2017 रोजी नांदेड हैदराबादशी जोडले गेले. मराठवाड्यातील या शहराच्या वाट्याला आलेले ते पहिले उड्डाण शेजारच्या राज्याच्या राजधानीचे होते, मुंबईचे नव्हे.

नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन ऑक्टोबर 2025 मध्ये झाले. पहिल्या टप्प्याचा खर्च 19,650 कोटी रुपये. दांडेकरांच्या 3,187 कोटींशी त्याची तुलना करणे योग्य नाही. चार दशकांत रुपयाची किंमत किती उतरली हे सर्वांना ठाऊक आहे. शिवाय त्यातील मोठा पैसा खासगी भागीदाराचा आहे. सिडकोचा भाग 26 टक्के. पण सिडको राज्य शासनाचीच आहे, आणि तिचा पैसा अंदाजपत्रकाबाहेरचा असल्याने तो कोणत्या विभागाच्या खात्यावर लिहावा हे विचारणारी यंत्रणा तेव्हा नव्हती. विकास मंडळांची मुदत 30 एप्रिल 2020 रोजीच संपली होती.