अध्यक्षाचा जोडीदार

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील उपाध्यक्षपद ही एक विलक्षण वस्तु आहे. सेनेटच्या सभापतीचें आसन आणि तेथील मतें समसमान पडल्यास निर्णायक मत, यांपलीकडे राज्यघटनेनें उपाध्यक्षाच्या पदरीं फारसें कांहीं टाकलेलें नाहीं. परंतु अध्यक्षाचा मृत्यु झाला, कीं साऱ्या राष्ट्राचीं सूत्रें एका क्षणांत त्याच्याच हातीं येतात. असें असूनहि या पदासाठीं माणूस निवडतांना योग्यतेपेक्षां मतांच्या बेरजेचाच विचार अनेकदां झालेला आहे.

आरंभीं ही जोडी मुळीं जमवावीच लागत नसे. पहिल्या क्रमांकाचा उमेदवार अध्यक्ष आणि दुसऱ्या क्रमांकाचा उपाध्यक्ष, असा नियम होता. त्यामुळें १७९६ सालीं अ‍ॅडम्स अध्यक्ष झाले आणि त्यांचे प्रतिस्पर्धी जेफर्सन उपाध्यक्ष! १८०० च्या निवडणुकींत जेफर्सन व बर या एकाच पक्षाच्या दोघांना ७३-७३ मतें पडलीं आणि प्रतिनिधिगृहाला छत्तीस वेळां मतदान करावें लागलें. अखेर १८०४ मध्यें घटना दुरुस्त होऊन दोन्ही पदांसाठीं स्वतंत्र मतें घेण्याचें ठरलें. पुढें उत्तरेचा उमेदवार असल्यास जोडीदार दक्षिणेचा, अशा हिशेबानें पक्षाचे पुढारीच बहुधा अधिवेशनांत जोडी जुळवूं लागले. १९४० सालीं मात्र फ्रँकलिन रुझवेल्ट यांनीं हेन्री वॉलेस यांच्यासाठीं हट्ट धरला आणि तो पुरा करून घेतला.

परंतु चार वर्षांनीं तेंच नांव अडचणीचें झालें. १९४४ च्या उन्हाळ्यांत रुझवेल्ट यांची प्रकृति खालावलेली पक्षाच्या पुढाऱ्यांना दिसत होती. आपण उपाध्यक्ष नव्हे, तर भावी अध्यक्षच निवडीत आहों, ही जाणीव त्यांच्यापैकीं अनेकांना होती. वॉलेस हे कामगारांचे लाडके. पण दक्षिणेकडील पुढाऱ्यांना आणि शहरांतील पक्षधुरीणांना ते नकोसे होते. जेम्स बर्न्स यांच्या नांवाला कामगारपुढारी सिडनी हिलमन यांचा विरोध होता. राहतां राहिले मिसूरीचे सेनेटर हॅरी ट्रूमन. युद्धखर्चाच्या चौकशी-समितीचे अध्यक्ष म्हणून त्यांनीं नांव मिळविलें होतें, आणि त्यांच्यावर कोणाचा विशेष रोष नव्हता.

रुझवेल्ट यांनीं मात्र कोणालाच स्पष्ट नकार दिला नाहीं. वॉलेस यांच्यासाठीं अनुकूल पत्र, बर्न्स यांना गोड शब्द, आणि पक्षाध्यक्ष हॅनेगन यांच्या हातीं ट्रूमन व न्यायमूर्ति डग्लस यांचीं नांवें असलेली चिठ्ठी! खुद्द ट्रूमन शिकागोस आले ते बर्न्स यांचें नांव सुचविण्याचें वचन देऊन. शेवटीं एका हॉटेलांत दूरध्वनीवरून रुझवेल्ट यांची इच्छा कानीं पडल्यावर ते नाइलाजानें तयार झाले.

२० जुलैच्या रात्रीं सभागृह वॉलेस यांच्या जयघोषानें दुमदुमून गेलें. त्याच क्षणीं मतदान झालें असतें तर काय घडलें असतें, कोण जाणे! पुढाऱ्यांनीं अधिवेशन तहकूब करविलें. दुसऱ्या दिवशीं पहिल्या फेरींतहि वॉलेस यांना सुमारें ४३० आणि ट्रूमन यांना सुमारें ३२० मतें मिळालीं. पण दुसऱ्या फेरींत वारें फिरलें आणि ट्रूमन १,०३१ मतांनीं निवडले गेले.

उपाध्यक्षपद त्यांनीं अवघे ८२ दिवस भोगलें. १२ एप्रिल १९४५ रोजीं रुझवेल्ट वारले. अणुबाँबची सविस्तर माहिती ट्रूमन यांना मिळाली ती त्यानंतर, २५ एप्रिल रोजीं. आणि ऑगस्टांत हिरोशिमा व नागासाकी भस्मसात् झालीं. ज्यांना अंगावरील जोखमीची पूर्वकल्पनाहि कोणी दिली नव्हती, त्यांच्याच कारकीर्दींत हा भीषण प्रसंग घडला.

आज अध्यक्षपदाचा उमेदवारच आपला जोडीदार निवडतो, आणि तत्पूर्वीं त्या व्यक्तीचें पूर्वायुष्य कसून तपासलें जातें. परंतु मोह मात्र जुनाच आहे: निवडणूक जिंकून देणारा माणूस हवा, कीं राज्य सांभाळणारा? १९४४ सालीं शिकागोंत मतांचा हिशेब करणाऱ्यांनीं जगाचें भवितव्यहि ठरविलें, हें त्यांच्या ध्यानीं आलें तें नऊ महिन्यांनीं.