एका खिळ्याचे गाऱ्हाणे

'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा. 'आचार्यांना' बोलावणे गेले तर व्यासपीठावर खुर्ची मांडावी लागते. 'आचाऱ्यांना' गेले तर चूल पेटवावी लागते. फरक एका चिन्हाचा आहे. रफार डोक्यावर चढतो आणि आधीच्या अक्षरावर आघात आणतो. दुसरा 'र' आडव्या चंद्रकोरीसारखा 'य'ला किंवा 'ह'ला बिलगतो, आणि तिथे आघात येत नाही. हिंदीला या चिन्हाची गरज पडत नाही. मराठीचे त्याच्यावाचून अडते. माझे तर चारचौघांत अडले, त्याची ही हकीकत.

या चिन्हाची ओळख मला पुस्तकातून झाली नाही. १९८६ साली दहावीनंतर तालुक्याच्या गावी एका छापखान्यात मी खिळे जुळवायला लागलो. केसमधल्या शेकडो खणांत या चिन्हाचा खण लहान, आणि खिळे नेहमी अपुरे. एकदा ते संपले म्हणून मी 'दुसऱ्या'वर रफार बसवून मोकळा झालो. मुख्य जुळारी म्हणाले, "जुना फर्मा सोड, त्यातून काढ. पण रफार लावू नकोस. तो वेगळा शब्द होतो." माझे मुद्रणविद्येचे शिक्षण तिथे सुरू झाले.

खिळे अपुरे का, हे पुढे वाचनातून उमगले. मुंबईच्या अमेरिकन मिशन प्रेसमध्ये लहानपणी खिळे घासण्याचे काम केलेल्या जावजी दादाजींनी १८६४ साली स्वतःचा टाइपाचा कारखाना काढला आणि १८६९ साली निर्णयसागर छापखाना. त्यांच्या अक्षरांचे सौंदर्य राणोजी रावजी आरू यांच्या हातचे. पोलादी ठशावर अक्षर उलटे कोरायचे, तो ठसा तांब्यात ठोकून साचा करायचा आणि साच्यात शिशाचा रस ओतायचा. प्रत्येक आकाराला स्वतंत्र ठसा लागे. रोमनचे काम थोडक्या खिळ्यांत भागते. देवनागरीत काना, मात्रा, जोडाक्षरे धरून संख्या शेकड्यांत जाते. म्हणून अखंड टाइप की डिग्री टाइप, कोणते चिन्ह ठेवायचे आणि कोणते गाळायचे, यावर आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या विचार झाला. बापूराव नाईकांनी १९७१ साली 'टायपोग्राफी ऑफ देवनागरी' या ग्रंथात तो सारा पट मांडला. त्या काटकसरीतही चंद्रकोरीचा 'र' टिकला, कारण तो गाळला तर अर्थ बदलतो.

शिशाच्या काळात एक सोय होती: डोळ्यांना बरोबर दिसले की ते बरोबरच असे. संगणकाने आकार आणि संकेत वेगळे केले. सुरुवातीला प्रत्येक फाँटचे संकेत निराळे. एका फाँटातला मजकूर दुसऱ्यात उघडला की गिचमीड. युनिकोडने ते संपवले. त्याची देवनागरी १९८८ च्या इस्की या भारतीय संकेतावर बेतलेली आहे. त्यात खाली टिंब असलेला 'ऱ' आहे. द्राविडी भाषांतला एक 'र' देवनागरीत लिहिण्यासाठी तो ठेवलेला. त्याचेच अर्धे रूप म्हणजे आपली चंद्रकोर. पण साधा 'र', हलन्त आणि डोळ्यांना न दिसणारा एक जोडवर्ण असे टंकले तरी तीच चंद्रकोर उमटते. पडद्यावर दोन्ही सारखी. संगणकाच्या लेखी मात्र ते दोन निराळे शब्द.

इथेच मी फसलो. काही वर्षांपूर्वी जुन्या मोडी पत्रांची देवनागरी लिप्यंतरे मी संगणकावर घेतली होती. त्यांत 'वऱ्हाड' शोधले. दोन-तीन ठिकाणी सापडले. एका व्याख्यानात मी ठासून सांगितले की हे पत्रलेखक प्रांताचे नाव क्वचितच घेतात. श्रोत्यांतल्या एका वृद्ध गृहस्थांकडे लिप्यंतराची कागदी प्रत होती. ते शांतपणे म्हणाले, "माझ्या पहिल्या वीस पानांतच सात वेळा आहे." घरी येऊन पाहिले. बरीचशी पाने दुसऱ्या पद्धतीने टंकलेली होती. डोळ्यांनी वाचली असती तर चुकलो नसतो. मी फक्त शोध घेतला होता. तो निष्कर्ष मी पुढच्याच सभेत जाहीरपणे मागे घेतला.

धोका माझ्यापुरता नाही. मजकूर एका प्रणालीतून दुसरीत जाताना तो अदृश्य जोडवर्ण गळतो, आणि 'दुसऱ्या'चे 'दुसर्या', 'वऱ्हाड'चे 'वर्हाड' होते. आज जुने दफ्तर, जुनी मासिके भराभर संगणकावर येत आहेत. उद्याचा अभ्यासक पाने उलटणार नाही, शोधणार आहे. त्याला जे सापडणार नाही, ते नव्हतेच असे तो लिहील. मीही तेच केले होते.

आता मी कोणतीही संहिता हाती घेतली की आधी दोन्ही रूपे एक करून घेतो, मग शोधतो. काम पाच मिनिटांचे आहे. जुना फर्मा सोडून खिळा काढायला याहून जास्त वेळ लागत असे.