लांजीचे ऊन आणि त्वचेचे रक्षण

बालाघाट जिल्ह्यातील लांजी हे जुन्या किल्ल्याचे गाव. भंडारा-गोंदियाच्या मराठी मुलखाला लागून असलेल्या या गावी सूर्य वर्षातून दोनदा थेट माथ्यावर येतो. एकदा मेच्या अखेरीस आणि पुन्हा जुलैच्या मध्यास. पहिली वेळ तेंदूपत्त्याचा हंगाम सरत आल्याची, तर दुसरी धानाच्या रोवणीची. म्हणजे ज्या दिवसांत ऊन सर्वांत प्रखर, त्याच दिवसांत येथील कष्टकऱ्याला घराबाहेर राहणे भाग पडते.

या उन्हाशी आपल्या पूर्वजांनी सामना केला तो वस्त्राच्या आणि सावलीच्या बळावर. पुरुषांच्या डोक्याला पागोटे अथवा दुपट्टा, स्त्रियांच्या माथ्यावर पदर आणि भर दुपारी झाडाखाली विसावा, हीच त्यांची साधने होती. त्वचा करपते ती मात्र उष्णतेनेच, असा समज जगभर होता. तो ढळण्यास १८०१ साल उजाडावे लागले. जर्मन शास्त्रज्ञ योहान रिटर यांना त्या वर्षी जांभळ्या रंगापलीकडील अदृश्य किरणांचा शोध लागला. हेच जंबुपार किंवा अतिनील किरण होत. त्वचा भाजते ती उष्णतेने नव्हे, तर या किरणांनी, हे स्वीडनचे नेत्रवैद्य विडमार्क यांनी १८८९ मध्ये दाखवून दिले.

इकडे हिंदुस्थानातील इंग्रज अधिकारी शोला वनस्पतीच्या हलक्या गाभ्याची टोपी घालून वावरत. उष्ण प्रदेशातील किरण कवटी आणि पाठीचा कणा भेदतात, या भीतीने कित्येक जण पाठीवर गादीही बांधीत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ती भीती मावळली आणि टोपीही मागे पडली.

त्याच सुमारास मलमाचा उदय झाला. ऑस्ट्रियाचे रसायनतज्ज्ञ फ्रान्झ ग्रायटर यांनी १९४६ मध्ये हिमशिखरे चढणाऱ्यांसाठी असे मलम बाजारात आणले. मलमाची संरक्षणशक्ती अंकांत सांगण्याची पद्धत १९७० नंतरच्या दशकात रूढ झाली. ऑस्ट्रेलियातील नॅम्बोर गावी १९९२ पासून १,६२१ प्रौढांवर एक दीर्घ प्रयोग झाला. नित्य मलम लावणाऱ्यांत त्वचेच्या एका प्रकारच्या कर्करोगाच्या गाठी सुमारे ४० टक्क्यांनी कमी आढळल्या, असा त्याचा निष्कर्ष १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला.

हा प्रयोग प्रामुख्याने गोऱ्या लोकांवरील होता, हे विसरता कामा नये. सावळ्या त्वचेतील रंगद्रव्य हे निसर्गानेच दिलेले छत्र होय. म्हणून आपल्याकडे हा कर्करोग पुष्कळच कमी. तथापि हे छत्र अभेद्य नाही. चेहऱ्यावरील वांग उन्हाने गडद होतो, सुरकुत्या लवकर पडतात आणि डोळ्यांत मोतीबिंदू होण्याचा धोका वाढतो. जन्मतःच ज्यांच्या अंगी रंगद्रव्य नाही त्यांना, तसेच कोडाच्या डागांना, हे छत्रही लाभत नाही. अशांच्या बाबतीत मलम ही प्रसाधनाची वस्तू नसून औषधाइतकीच गरजेची वस्तू आहे.

आणखी एक गोष्ट रोवणीच्या दिवसांत ध्यानी ठेवण्याजोगी आहे. विरळ ढगांतून अतिनील किरणांपैकी ८० टक्क्यांपर्यंत किरण खाली येऊ शकतात. आभाळ झाकोळले म्हणून डोईवरचा पदर मागे सारणे त्यामुळेच हितावह नाही. अंगभर सुती वस्त्र, दुपारची सावली आणि उघड्या भागास मलम, असा क्रम आजचे शास्त्रही सांगते. त्यातील पहिल्या दोन गोष्टी लांजीच्या शेतकऱ्याला नव्याने शिकाव्या लागत नाहीत. त्या सोडू नयेत, एवढेच. तिसरी मात्र ज्यांना खरोखर हवी, त्यांच्या हाती पोहोचणे अगत्याचे आहे.